अथेन्सचें संगमरवरी क्रीडांगण

सार्वजनिक वास्तूवर दात्याचें नांव कोरलेलें असतें. पण ती वस्तुतः कोणाच्या पैशानें उभी राहिली, हें त्या नांवावरून नेहमींच कळतें असें नाहीं. अथेन्स येथील पॅनअथेनाइक क्रीडांगणाचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे. ‘सर्व अथेनियनांचें’ असा त्या नांवाचा अर्थ.

इलिसोस नदीच्या कांठीं दोन टेकड्यांच्या मधोमध एक घळ होती. डायनियास नांवाच्या गृहस्थानें ती आपली जमीन नगरास दिली आणि इ. स. पू. ३३० च्या सुमारास लायकर्गस या मुत्सद्द्यानें तिचा तळ सपाट करवून तेथें धांवण्याच्या शर्यतींचें मैदान सिद्ध केलें. प्रेक्षकांच्या आसनांची सोय निसर्गानेंच केलेली होती. ते बहुधा टेकड्यांच्या उतारावर बसत.

पुढें सुमारें पावणेपांचशें वर्षांनीं हिरोडीस अ‍ॅटिकस या गडगंज श्रीमंतानें तें सारें क्रीडांगण पेंटेली पर्वताच्या शुभ्र संगमरवरानें मढवून काढलें. पण या औदार्याआड एक बुडविलेलें देणें होतें. फिलोस्ट्रेटस हा ग्रंथकार ती हकीकत सांगतो. हिरोडीसच्या पित्यानें मृत्युपत्रांत प्रत्येक अथेनियन नागरिकास दरसाल एक मिना, म्हणजे शंभर द्राख्मा, देण्याची व्यवस्था केली होती. पुत्रानें त्याऐवजीं एकदांच पांच मिना देऊन मोकळें होण्याचा करार केला. आणि लोक पेढीवर पैसे घेण्यास गेले तेव्हां त्यांच्या वाडवडिलांच्या कर्जाचे जुने कागद त्यांच्यापुढें ठेवण्यांत आले. कोणाच्या हातीं थोडें पडलें, कोणास कांहींच मिळालें नाहीं, कोणाकडे तर उलट बाकी निघाली! तेव्हां लोक म्हणूं लागले कीं, क्रीडांगणाचें नांव अगदीं यथार्थ आहे. सर्व अथेनियनांच्या बुडालेल्या पैशांतूनच तें बांधलें गेलें.

आणि तरीहि हिरोडीस मॅरेथॉन येथें वारला, तेव्हां अथेन्सच्या तरुणांनीं त्याचें शव नगरांत आणून या क्रीडांगणांतच पुरलें. लोकांच्या मनांत रोष आणि कृतज्ञता एकत्र नांदूं शकतात, याचें याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसनें जुन्या देवतांची उपासना बंद केली. मैदान ओस पडलें आणि कालांतरानें संगमरवराचे चिरे भट्टींत जाऊन त्यांचा चुना झाला. टेकड्या तेवढ्या उरल्या. १८६९-७० मध्यें तेथें उत्खनन झालें. पुढें अलेक्झांड्रियाचा ग्रीक व्यापारी जॉर्ज आव्हेरॉफ याच्या द्रव्यानें उतारावर पुन्हां संगमरवर चढला. १८९६ च्या ऑलिंपिक सामन्यांपर्यंत तें काम अपुरेंच होतें. १० एप्रिल १८९६ रोजीं त्याच मॅरेथॉनहून धांवत येऊन प्रथम पोंचला, तो स्पिरिडॉन लुई हा पाणी वाहणारा सामान्य मनुष्य होता.

देणगी दिल्यानें देणें फिटत नाहीं. इतिहासकारानें दात्याचें नांव आदरानें नोंदवावें, आणि त्याचें देणें फिटलें होतें कीं नाहीं हेंहि नोंदवावें. हिरोडीसचा संगमरवर चुन्यांत गेला. फसलेल्या नागरिकांचा तो कडवट विनोद मात्र अठराशें वर्षांनंतरहि ऐकूं येतो.