मामूंचा गळ आणि लॅटिनमधली शिंगटी

आमचे मामू मला गळ टाकायला बरोबर नेण्याआधी एकच अट घालायचे: "पानी के पास बात नको करू." उजनीच्या फुगवट्याच्या काठावर त्यांची एक ठरलेली जागा होती. आदल्या संध्याकाळी ते तिथे जाऊन शेंगदाण्याची पेंड, कणीक आणि शिळा भात एकत्र मळलेले गोळे टाकून यायचे. सकाळी फजर पढून आम्ही निघायचो. बांबूची काठी, मोरपिसाच्या दांडीचा तरंगणारा तुकडा, डब्यात ओल्या मातीत गांडुळे. मोठा मासा लागला की मी ओरडायचो, "खींचो मामू!" आणि मामू उलट दोरी सैल सोडायचे. मासा पळायचा, थांबायचा. मग मामू थोडी दोरी घ्यायचे, परत सोडायचे. असा तो पंधरा-वीस मिनिटे दमला की शांतपणे काठाला यायचा. जोर लावून ओढणाऱ्याच्या हातात फक्त तुटलेली दोरी राहते, हे मी तेव्हा शिकलो. पोहायला मात्र अजून येत नाही.

पुढे बी.एड. करताना मराठी अध्यापनाच्या टिपणासाठी ओवीचे जुने उल्लेख शोधत होतो. मराठी शिकवणारा कोणीही त्या वाटेने गेला की 'मानसोल्लास'पाशी पोहोचतोच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास लिहिलेला हा संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या उमरगा-निलंग्याला लागूनच. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला आहे. मी ओवी शोधायला गेलो आणि अडकलो 'मत्स्यविनोद' नावाच्या प्रकरणात.

हे प्रकरण म्हणजे राजाने गळाने मासे कसे धरावेत याचा पाठ. मासे समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे-लहान कोणते, असे गट पाडले आहेत. कोणत्या माशाला काय खायला घालून एका जागेची सवय लावावी, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, मासा लागल्यावर दोरी कधी ताणावी आणि कधी ढिली सोडावी, हे सगळे आहे. मी ग्रंथालयात बसून हसलो. नऊशे वर्षांपूर्वीच्या चालुक्य राजाने माझ्या मामूंचे धडे लिहून ठेवले होते, आणि मामूंना संस्कृतचा एक शब्द येत नव्हता.

म्हणजे दोघांचा उस्ताद एकच असणार. राजवाड्यात वाढलेल्या माणसाला कोणता मासा कोणत्या आमिषावर येतो हे कुठून कळणार? कोणी तरी पाण्यावर जगणाऱ्याने सांगितले असेल. मामूंनाही काठावरच्या भोयांनीच शिकवले होते, हे ते स्वतः सांगायचे. सोमेश्वराच्या पानांत मात्र अशा कोणाचे नाव नाही. छंदाचा इतिहास लिहिणारे बहुतेक राजे आणि साहेबच निघाले. ज्यांचे ज्ञान, ते त्यात क्वचितच सापडतात.

मोगल बादशहांच्या आठवणी वाचताना हीच गंमत परत भेटते. बाबरने काबूलजवळच्या नदीतल्या मासेमारीचे वर्णन केले आहे. एक विशिष्ट वनस्पती ओझ्यांनी आणून प्रवाहात वरच्या अंगाला टाकायची, मासे गुंगीत येऊन वाहू लागले की खाली अडवून धरायचे. ही छंदाची मासेमारी नव्हे, सरसकट उपसा आहे. पण बाबर ते कुतूहलाने, बारकाईने लिहितो. त्याचा पणतू जहांगीर वेगळा. १६०७ मध्ये काबूलला जाताना हसन अब्दालला त्याचा मुक्काम पडला. तिथल्या झऱ्याच्या कुंडात पुष्कळ मासे होते. तोपर्यंत भंवरजाल म्हणजे हाताने भिरकावायचे गोल जाळे त्याने कधी स्वतः फेकले नव्हते, आणि ते फेकणे सोपे नाही हे तो कबूल करतो. त्याने ते फेकले, काही मासे धरले, त्यांच्या नाकात मोती ओवले आणि सगळे परत पाण्यात सोडून दिले.

मासा धरून सोडून देणे ही विलायतेतून आलेली रीत आहे असे आपल्याकडचे नवे शौकीन समजतात, म्हणून हा किस्सा मी मुद्दाम सांगतो. मोत्याची हौस बादशहाची. आपण माशाचे नाक टोचू नये.

याच जहांगीरला रोहू इतका प्रिय की माळवा-गुजरातच्या लांबलचक मुक्कामात अकरा महिने तो न मिळाल्याची खंत त्याने लिहिली आहे. शेवटी प्याद्यांचा नायक रायमान याने एक रोहू आणून दिला आणि बादशहाने त्याला घोडा बक्षीस दिला. इथे निदान एक नाव उरले! बिनखवल्यांची मासळी तो खात नसे. शिया मंडळी ती हराम मानतात म्हणून नव्हे, तर ती मेलेली जनावरे खाते असे ऐकले होते म्हणून. आमची नानीही शिवडा घरात येऊ देत नसे आणि कारण हेच सांगायची. ती हनफी होती.

आता दख्खनमध्ये परत येऊ. कंपनीच्या मुंबई फौजेतला विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून काही वर्षे या मुलखाची पाहणी करत हिंडत होता. शेती, जनगणना, पक्षी, प्राणी, जे दिसेल ते लिहून घ्यायचे. त्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांवर निबंध लिहिला आणि १८३९ मध्ये त्यातले नवे मासे लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात छापून आले. त्या काळचे साहेब नव्या प्राण्याला ग्रीक-लॅटिन नाव देत, नाही तर एखाद्या लॉर्डाचे. साइक्सने बहुतेक ठिकाणी काठावर जे ऐकले तेच लॅटिनला जोडून टाकले. म्हणून आज जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत शिंगटीला 'मिस्टस सींगटी' म्हणावे लागते. कोलस आहे, फुलंगी आहे, ताकरी आहे, पोटेल आहे. नाकाडावर चमत्कारिक उंचवटा असलेला 'नुक्ता' आहे. उर्दू शिकवणाऱ्याला नुक्ता म्हटले की अक्षराखालचा टिंब आठवतो, पण हा आपला नकटा असावा असे मला वाटते. एका माशाचे नाव 'मुसुल्लाह' वाचून तर मी दचकलोच. जानमाजचा आणि याचा काही संबंध नसणार. कोणा भोयाने उच्चारलेला शब्द साहेबाच्या कानातून असा उतरला, इतकेच. या मुसुल्लाहकडे आपल्याला परत यायचे आहे.

पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाला साइक्सने 'खुद्री' लिहिले. तोच दख्खनचा महाशीर, आजचा 'टोर खुद्री'.

महाशीर म्हटले की गळवाल्यांचे डोळे चमकतात. १८७३ मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या मुलकी अधिकाऱ्याने 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक मंगळूरहून काढले, त्याचा नायक महाशीरच. या माशाच्या तोंडात दात नसतात, घशात असतात, आणि त्यांनी तो शंख-शिंपले फोडून खातो. जबडा इतका बळकट की साधा गळ चिरडून टाकतो. १८८७ मध्ये थॉमसने तळ्यांतल्या गळावर वेगळे पुस्तक लिहिले. त्याला मासे टिकवण्याचीही काळजी होती. दारूगोळा उडवून किंवा विष टाकून मासे मारायला बंदी करणारा कायदा १८९७ मध्ये झाला. बाबरची ती वनस्पतीची युक्ती आज केली तर खटला होईल.

महाशीरचे खरे दुखणे मात्र गळ नव्हे. पावसाळ्यात तो अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, वरच्या गोट्यांच्या पात्राकडे चढतो. धरणे झाली आणि वाट बंद झाली. खेड्यात वाढलेल्यांना 'चढणीचे मासे' ठाऊक आहेत. पहिल्या पुराबरोबर ओढ्यांत चढणारी, पोटात अंडी भरलेली मासळी, जी लोक टोपल्या लावून लुटतात. मकतबमध्ये शनिवारवाल्या कोळ्यांची गोष्ट ऐकलेल्यांना इथे काही आठवेल. बंदीच्याच दिवशी मासे काठाशी गर्दी करायचे, आणि मोह नेमका तेव्हाच व्हायचा.

या दुखण्यावर इलाज शोधला एका मराठी माणसाने. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे राज्याच्या मत्स्य खात्याचे संचालक होते. १९४० मध्ये त्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या माशाला 'होराइक्थिस' नाव दिले, प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्या सन्मानार्थ. हे तेच होरा, ज्यांनी १९५१ मध्ये मानसोल्लासातल्या मत्स्यविनोदावर लिहून तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. पुढच्याच वर्षी कुलकर्णींनी कृष्णेच्या खोऱ्यातला, दुसऱ्या माशांची खवले ओरबाडून खाणारा एक मासा नोंदवला आणि त्याचे नाव सरळ 'खवलचोर' ठेवले. साइक्सने नकळत केले ते यांनी जाणून केले. १९७० च्या दशकात टाटांच्या लोणावळ्याच्या वळवण धरणाकाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. लाखो पिल्ले तयार झाली आणि देशभर वाटली गेली. खुद्री आज धोक्याच्या यादीतून बाहेर आली आहे, त्यात या कामाचा वाटा मोठा.

पण त्यातली काही पिल्ले कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीपासून एक वेगळा महाशीर होता. पाठीवर कुबड, केशरी पर, प्रचंड आकार. १९४६ मध्ये काबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी गळाने धरलेला मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा होता. जगभरचे शौकीन त्याच्यासाठी येत, मांडीवर घेऊन छायाचित्रे काढत. आणि इतक्या प्रसिद्ध माशाला शास्त्रात धड नावच नव्हते! बरीच वर्षे त्याला साइक्सचे 'मुसुल्लाह' चिकटवले गेले. पुढे लक्षात आले की साइक्सचा मुसुल्लाह हा महाशीरच नव्हे, वेगळाच मासा आहे. कुबडवाल्याची ओळख 'टोर रेमादेवी' अशी पटली ती २०१८ मध्ये. केरळातल्या पांबार नदीतल्या माशाला हे नाव आधीच दिले गेले होते. त्याच वर्षी तो अति संकटग्रस्तांच्या यादीत गेला. वाळूउपसा, धरणे, सुरुंग ही कारणे आहेतच. पण लोणावळ्याहून आलेली निळसर परांची खुद्री तिथे वाढत गेली आणि कुबडवाला घटत गेला, हेही दिसले.

दिसले कशामुळे, तर गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांमुळे. कावेरीकाठच्या शिबिरांत किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, किती वजनाचा, हे लिहून मासा सोडून देत. अभयारण्यातली ती शिबिरे बंद झाली, पण त्या नोंदींवरून संशोधकांनी हिशेब मांडला. म्हणून मला कोणी 'सर, आम्हाला गळाचा नाद लागलाय, काय घेऊ' असे विचारले की काठीच्या आधी मी वही सांगतो. तारीख, जागा, पाण्याचा रंग, मासा, आणि काठावरचे लोक त्याला काय म्हणतात ते. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, मासा सोडताना अंगाला इजा कमी होते. हात आधी ओले करावेत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. धरणावर मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, तिची परवानगी आधी घ्यावी, लपूनछपून बसू नये. चढणीच्या दिवसांत गळ घरी टांगावा. आणि एका पाण्यातला मासा हौसेने दुसऱ्या पाण्यात कधी सोडू नये. लोणावळ्याच्या लोकांचा हेतू माझ्या-तुमच्यापेक्षा चांगला होता, त्यांच्याकडे शास्त्रही होते. तरी 'महाशीर तो महाशीर' एवढ्या एका समजुतीने घोळ झाला.

मामू आता नाहीत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या जागेवर मुलाला घेऊन गेलो. तिन्ही वेळा चिलापीच लागली, जी मुळात आफ्रिकेची. शेजारी एक म्हातारे भोई काका जाळे सोडवत होते. माझी वही काढून मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. शिंगटी, वांब, मरळ. कोलस म्हटल्यावर थांबले.

"नाव ऐकलंय वडलांकडनं," म्हणाले. "मासा बघून लई वर्षं झाली."

मी कोलस लिहिले आणि पुढचा रकाना मोकळा ठेवला.