अंदमानातील प्रवाळदर्शन : स्थळनिवड

अंदमान बेटांभोवतीचे प्रवाळ पाण्यावर तरंगत (स्नॉर्केलिंग) किंवा हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरून (स्कूबा डायव्हिंग) पाहण्यासाठी जागा कशी निवडावी, याची ही नोंद. येथील प्रवाळभित्ती मुख्यतः अनुतट, म्हणजे किनाऱ्याला लागून वाढलेल्या आहेत. लक्षद्वीपच्या कंकणाकृती बेटांना असते तसे शांत लगून येथे सहसा मिळत नाही. त्यामुळे त्या दिवशी कोणती बाजू वाऱ्याच्या आड आहे आणि भरती किती चढली आहे, याला ठिकाणाच्या नावापेक्षा अधिक महत्त्व येते.

नावाचेच बघायचे तर नॉर्थ बे सर्वांत प्रसिद्ध. विसाच्या जुन्या नोटेवर मागे छापलेला देखावा तिथलाच. श्रीविजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) शहरापासून जवळ असल्याने तेथे गर्दी असते. पोहता न येणाऱ्याची तिथे सोय होते. ज्याला प्रवाळ निवांत पाहायचे आहे, त्याने आणखी दूर जावे. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातले (स्थापना १९८३) जॉली बॉय बेट हा चांगला पर्याय. ते पावसाळ्यात बंद असते व त्या काळात रेड स्किन बेट खुले ठेवतात. परवाना लागतो, एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक नेता येत नाही.

तरंगत पाहणाऱ्याने भरतीचे वेळापत्रक आधी पाहावे. शहीद द्वीपाच्या (नील) भरतपूर किनाऱ्यावर उथळ तळ दूरवर पसरलेला आहे. ओहोटीला तिथे पोट आणि प्रवाळ यांत अंतरच उरत नाही, आणि दोघांनाही इजा होते. खोल बुडीसाठी हिशेब वेगळा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरदार असतात, सप्तमी-अष्टमीच्या भांगात मंद. कोकणातल्या कोळ्याला हे सांगावे लागत नाही. सहलीच्या तारखा ठरवताना मात्र पंचांग कोणी उघडत नाही. डिसेंबर ते एप्रिल हा एकंदर अनुकूल काळ.

स्वराज द्वीपाजवळची (हॅवलॉक) डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही ठिकाणे नावाजलेली असली तरी खोल आहेत. प्रशिक्षकाचा हात धरून पहिली बुडी मारणाऱ्याची मर्यादा १२ मीटर, प्राथमिक प्रमाणपत्रधारकाची १८ मीटर. नवख्याला ‘सगळे दाखवतो’ म्हणणारा चालक टाळावा.

जुन्या छायाचित्रांवरही विसंबू नये. २००४च्या भूकंपात उत्तर अंदमानचा तळ उचलला जाऊन काही भित्ती पाण्याबाहेर आल्या व मेल्या. २०१० साली पाणी तापल्याने प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. उथळ भागाला त्याची झळ अधिक बसली. म्हणून नुकते तेथे उतरलेल्या माणसाला विचारणे बरे. खारफुटीच्या खाड्यांजवळ तर उतरूच नये. तेथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात.

एकाहून अधिक बुड्या मारल्यास त्यानंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा लागतो. मराठी सहलींत सेल्युलर जेल बहुधा पहिल्याच दिवशी पाहतात. स्कूबा करायचे असल्यास जेल पाहणे शेवटच्या दिवशी ठेवणे सोयीचे.