लुनाचं पायडल

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या कोंढ्यासारख्या धानाच्या गावात जुन्या घराचा कोठा उपसला, की वखराच्या पाशीसोबत कधीकधी लुनाही निघते. टायर वाळून तडकलेले, टाकीत गंज. पायडल मात्र शाबूत. तिची कुळी ओळखायची ती त्या पायडलावरूनच.

व्हेस्पा बनवणाऱ्या इटलीच्या पियाज्जिओने १९६७ मध्ये ‘चाओ’ ही मोपेड काढली. ५० सीसीच्या आतलं टू-स्ट्रोक इंजिन, गिअरची भानगड नाही, आणि हवं तेव्हा सायकलसारखी पायाने हाणता येणारी गाडी. तिच्याच परवान्यावर पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना आणली. एच. के. फिरोदिया यांचा हा उद्योग; कारखाना तेव्हाच्या अहमदनगरला.

त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. सायकल दामटून थकलेल्या मास्तरांना आणि दूधवाल्यांना लुना परवडली. उभ्या चढावर इंजिन धापा टाकू लागलं, की पायाने जोर द्यायचा. वाटेत पेट्रोल संपलं तरी पायडल मारत घर गाठता येई, आणि पंप लांब असलेल्या खेड्यात ही सोय लाखमोलाची होती. लुना गावात रुजली ती या सोयीमुळे. पीयूष पांडे यांच्या ‘चल मेरी लूना’ या जाहिरातीने तिचं नाव घरोघरी नेलं, पण विश्वास तिने आधीच कमावला होता.

१९८० मध्ये दोघांना बसवणारी टीव्हीएस ५० आली. मग लुनानेही ‘डबल प्लस’सारखी रूपं घेतली. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या फोर-स्ट्रोक मोटारसायकलने कमी पेट्रोलात लांब पल्ला दाखवला, तेव्हापासून मोपेडची जागा आक्रसत गेली. २०२४ मध्ये ई-लुना बाजारात आली. तिला बॅटरी आहे, पायडल नाही.

कोठ्यातून निघालेली लुना जागी करायला मोठं गॅरेज लागत नाही. उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसलेला असतो, तो काढायचा. टाकीचा गंज धुवायचा, प्लग आणि पॉइंट घासायचे, सायलेन्सरमधला कार्बन जाळायचा. ताज्या पेट्रोलात टू-स्ट्रोक ऑइल मात्र विसरायचं नाही. नुसतं पेट्रोल घातलं, तर पिस्टन जाम झालाच म्हणून समजा.

कागदपत्रांची वाट वेगळी आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली दुचाकी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतल्या लुना आता त्यात बसतात. पण या क्रमांकावर गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा मोजक्या कारणांनाच मुभा आहे. लुनावरून पुन्हा पवनीच्या बाजाराला जायचं असेल, तर मालकाने व्हिंटेजच्या मागे न लागता आरटीओत साध्या नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं.