मौखिक प्रसिद्धी (मराठी नाटक)

मौखिक प्रसिद्धी म्हणजे एखाद्या कलाकृतीविषयी एका प्रेक्षकाने दुसऱ्यास स्वतःहून केलेली शिफारस होय. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर नव्या नाटकाचे भवितव्य बऱ्याच अंशी पहिल्या काही प्रयोगांनंतर होणाऱ्या अशा शिफारशींवर अवलंबून असते.

स्वरूप

नाट्यगृहाचे भाडे, कलावंत व तंत्रज्ञांचे मानधन, नेपथ्याची वाहतूक आणि वर्तमानपत्रातील जाहिरात हा खर्च प्रेक्षागृह रिकामे राहिले तरी टळत नाही. उलट, नाटकाची चर्चा पसरण्यास वेळ लागतो. त्यामुळे सुरुवातीचा तोटा किती प्रयोग सोसायचा, हा निर्मात्यापुढील कळीचा प्रश्न असतो. एलिहू कॅट्झ व पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, माध्यमांचा प्रभाव अनेकदा परिचयातील विश्वासू व्यक्तींमार्फत लोकांपर्यंत पोहोचतो, असे मांडले होते.

मुंबई उपनगरे

उपनगरांत विलेपार्ले येथील दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवली येथील प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आणि मुलुंड येथील महाकवी कालिदास नाट्यगृह ही प्रमुख केंद्रे आहेत. गृहनिर्माण संस्था, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि लोकलमधील रोजचे सहप्रवासी यांच्यातून नाटकाची चर्चा पसरते. एखाद्या मंडळाने संपूर्ण प्रयोग विकत घेतल्यास निर्मात्याचा धोका कमी होतो आणि एकाच वेळी मोठ्या समूहापर्यंत नाटक पोहोचते.

उदाहरण : वस्त्रहरण

गंगाराम गवाणकर लिखित ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आले. प्रारंभीच्या प्रयोगांना अल्प प्रतिसाद मिळाला. विलेपार्ल्यात बालपण गेलेल्या पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून प्रशंसापर पत्र लिहिले. त्या पत्राचा जाहिरातींसाठी उपयोग झाला आणि प्रेक्षकांचा ओघ वाढला. पुढे नाटकाचे ५,००० हून अधिक प्रयोग झाले. पत्रामुळे मालवणीशी अपरिचित असलेला प्रेक्षकही नाटकाकडे वळला. तथापि एवढे प्रयोग केवळ एका पत्राच्या बळावर होणे शक्य नव्हते. नाटक पाहून आलेल्यांनी इतरांना पाठवणे त्यासाठी आवश्यक होते.

मर्यादा

विनामूल्य प्रवेशिका वाटून प्रेक्षागृह भरता येते. परंतु त्या प्रेक्षकांनी शिफारस केली नाही, तर पुढील तिकीटविक्रीस त्याचा फारसा लाभ होत नाही. तसेच प्रतिकूल मतही याच मार्गाने पसरते. त्यामुळे शुभारंभापूर्वी रंगीत तालमी घेऊन प्रयोग बांधेसूद करणे हा मौखिक प्रसिद्धीच्या पूर्वतयारीचाच भाग ठरतो.