रुळांच्या दोन्ही बाजूंना

परवा पुणतांब्याला जाणं झालं. कारण एकच, जमीन. आम्ही पाच मित्र गोदावरीकाठी जागा घेऊन एकत्र राहणार होतो. सामायिक स्वयंपाकघर, थोडी शेती, बाकी लॅपटॉप. एक्सेल शीट माझीच. तिच्यात विहीर होती, सोलर होतं. पाचातला एक बाहेर पडला तर काय, याचा रकाना मात्र नव्हता.

पुण्याहून दौंडमार्गे येणारी गाडी नगरच्या अलीकडे मेहेराबादमधून जाते. अक्षरशः मधून! एका बाजूला खालचं मेहेराबाद, दुसऱ्या बाजूला टेकडी. आणि पुणतांब्याहून शिर्डीचा फाटा धरला की पलीकडेच साकुरी. उपासनी महाराजांचा आश्रम तिथला. मेहेरबाबा १९२१ साली तिथे काही महिने राहिले होते.

तिथून निघून त्यांनी जून १९२२ मध्ये मुंबईत दादरला 'मंझिल-ए-मीम' काढलं. पारशी, इराणी, मुसलमान, हिंदू असे चाळीसेक पुरुष, एक घर. पहाटे उठायचं, थंड पाण्याने आंघोळ, बाहेरचं खायचं नाही. नियम लेखी! आणि हे टिकलं किती? जेमतेम दहा महिने.

मे १९२३ मध्ये उरलेल्यांतली काही मंडळी आरणगावला आली. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या पडक्या इमारती, बाकी माळ. १९२५ पर्यंत शाळा झाली, दवाखाना झाला. १९२६ च्या अखेरीस बाबांनी सगळं मोडायला लावलं. थोड्याच दिवसांत मंडळी परत तिथेच! पुढे प्रेमाश्रमाची मुलं १९२८ मध्ये टोक्याला, म्हणजे याच गोदावरीवर, खाली प्रवरासंगमाला नेली. तेही काही महिनेच.

खरी कसोटी १९४९ ची. 'नवजीवन' सुरू करताना अटी आधी सांगितल्या आणि उत्तर मागितलं: हो किंवा नाही. १६ ऑक्टोबरला सोळा पुरुष आणि चार स्त्रिया निघाल्या. वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या बाकीच्यांना आपापली वाट धरावी लागली. मला निघालेल्यांपेक्षा या मागे राहिलेल्यांचंच कुतूहल जास्त. वीस-पंचवीस वर्षं एका पंगतीत जेवल्यावर माणूस कुठे जातो?

साकुरीची गोष्ट वेगळी. तिथे कन्याकुमारी स्थान, म्हणजे ब्रह्मचारिणी स्त्रिया, वेदपठण आणि यज्ञ करणाऱ्या. त्या काळात केवढा गहजब! डिसेंबर १९४१ मध्ये महाराज गेले. अशा ठिकाणी बहुधा इथेच कुलूप लागतं. पण धुरा गोदावरीमातांनी घेतली, आणि त्यांनी ती पुढे अनेक दशकं सांभाळली. यज्ञाची वेळ संस्थापकावर अवलंबून नव्हती, हे कारण असावं असं आपलं मला वाटतं.

आता कबुली. दोन्हीकडे निर्णय एका माणसाचा होता, आम्ही पाचही जण मालक. मी कितीतरी दिवस सगळ्यांना लोकशाहीचं महत्त्व ऐकवत होतो. मग आईवडिलांना तिथे आणायचं की नाही, यावर मतदान झालं. तीन विरुद्ध दोन. मी दोनात.

परतीच्या गाडीत खिडकीतून टेकडी दिसेपर्यंत मी तो मेसेज चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. दौंडला पाठवला.