वेण्णाकाठचे हिम



दारापुढे बर्फ म्हटले की आपल्याला काश्मीर आठवते. पण आपल्या सातारा जिल्ह्यातच, महाबळेश्वरी, हिवाळ्यातल्या काही पहाटे वेण्णा तलावावरच्या लाकडी धक्क्याच्या फळ्या पांढऱ्याशुभ्र होतात. मोटारींच्या टपांवरही हिम धरते. हे आभाळातून पडत नाही बरे का. हे गोठलेले दहिवर!

या हिमाशी इथल्या माणसाची गाठ कशी पडली, ते पाहा. १८२४ साली लॉडविक हा इंग्रज अधिकारी हा डोंगर चढून आला. थंड हवा साहेबलोकांना मानवली. १८२९ साली गव्हर्नर माल्कम यांच्या अमदानीत साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह होऊन ही जागा इंग्रजांकडे गेली. माल्कमपेठ वसली. १८४२ साली अप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तलाव बांधवला. इथल्या तुरुंगातल्या चिनी कैद्यांनी बटाटा आणि विलायती भाजीपाला लावला. इंग्रजांनी स्ट्रॉबेरी आणली. पुढे २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता पाहुणे पहाटे उठून हिम बघायला जातात. मळेकरी मात्र धास्तावतो. हिमाने कोवळी पाने आणि फुले करपतात, हाती आलेला बहर जातो.

असे का होते? दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडते. ढग असले तर ती अडते. आभाळ निरभ्र असले तर निघून जाते. शिवाय गार हवा जड. ती उतारावरून ओघळून तलावाच्या खोलगटात साचते. म्हणून बाजारपेठेत पारा शून्याच्या वर असतानाही तलावाकाठच्या फळीवर दव गोठते.

आपल्या वाडवडिलांनी घरापुढे पडवी काढली ती उन्हापावसासाठी. पण तिचा हाही गुण आहे: अंगणातले गवत भिजते, पडवी कोरडी राहते. गुरुजी, थंडीत एक ताटली अंगणात आणि एक पडवीत ठेवून मुलांना सकाळी दाखवा. छप्पर ऊब अडवते. मळ्यातले आच्छादन हेच काम करते.

तासगावकडे हिम पडत नाही, पण कडाक्याच्या थंडीने पिकत आलेल्या द्राक्षमण्यांना तडे जातात. तिथे बागेला पाणी देणे हा उपाय. ओली जमीन ऊब धरून ठेवते. शेकोट्यांचा धूरही करतात.

थंड मुलखात दारच्या पायऱ्यांवर मीठ टाकतात, कारण खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात मीठ घालतात, त्यामागचे शास्त्र हेच. पण मिठाने लोखंड गंजते, रोपे जळतात. मळ्याजवळ ते नकोच. पायरीवर हिम धरले तर खराट्याने झाडा आणि वाळू पसरा, म्हणजे पाय घसरणार नाही. पाणी ओतू नका. तेच पुन्हा गोठेल. उरलेले हिम ऊन वर आले की आपोआप जाते.

मळ्यात मात्र उन्हाची वाट पाहून चालत नाही. संध्याकाळी वारा पडलेला आणि आभाळ स्वच्छ दिसले, की दिवेलागणीपूर्वीच रोपे झाकून घ्या.