कागदावरच्या मोटारी

जुन्या मोटारींच्या अभ्यासाला पैसा लागतो, असा समज आहे. गाडी विकत घ्यायची, तिचे सुटे भाग मिळवायचे, तर तो लागतोच. पण मोटारीचा इतिहास गॅरेजात जितका आहे, त्याहून जास्त कागदावर आहे: टपाल तिकिटांवर, जाहिरातींत, चित्रांत, कथांत. ते कागद कसे वाचावेत, एवढेच हे पुस्तक सांगू पाहते. ब्रिटनमधले जाणकार १९१९ ते १९३० मधल्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ म्हणतात. ती हद्द इथे सैल ठेवली आहे, कारण आपला पहिला पुरावाच तिच्याआधीचा आहे.

बफेलोतल्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनानिमित्त अमेरिकी टपाल खात्याने १ मे १९०१ रोजी सहा तिकिटे काढली. त्यातल्या चार सेंटच्या तिकिटावर मोटार आहे, मागे वॉशिंग्टनचे कॅपिटॉल. आणि ही मोटार विजेवर चालणारी! वाफ, वीज आणि पेट्रोल यांच्या शर्यतीत कोण जिंकणार हे तेव्हा ठरले नव्हते. ते तिकीट पाहताक्षणी कळते. गाडी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या प्रवासी सेवेतली, आणि तिचे चित्र घेतले रेल्वेच्याच जाहिरातपत्रकातून. म्हणजे सरकारी तिकिटावर एका कंपनीची जाहिरात झाली. याच तिकिटाच्या, मोटार उलटी छापलेल्या प्रतींवर संग्राहक जीव टाकतात. पण ती छपाईतली चूक नव्हे, खात्यातल्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून मुद्दाम केलेली छपाई आहे. तिकिटाचीही साक्षीदारासारखी उलटतपासणी करावी लागते, ती अशी.

जाहिरात तर उघडच पक्षपाती. नेड जॉर्डनने १९२३ मध्ये आपल्या ‘प्लेबॉय’ गाडीची जी जाहिरात लिहिली, तिच्यात ना इंजिनाची माहिती, ना किंमत. आहे ती लॅरमीपलीकडची मोकळी भूमी आणि एक बेधडक घोडेस्वार मुलगी. जाहिरातकलेत ती अमर झाली. कंपनीला मात्र पुढची दहा वर्षेही काढता आली नाहीत. चित्रकारही धुतल्या तांदळासारखे नाहीत. तमारा द लेंपिकाने १९२९ मध्ये ‘डी डामे’ या जर्मन मासिकाच्या मुखपृष्ठासाठी स्वतःला हिरव्या बुगाटीत रंगवले. प्रत्यक्षात तिच्याकडे होती रेनो. मला विचाराल तर गाडी बदलली म्हणूनच ते चित्र मोलाचे. त्या काळच्या फॅशनेबल बाईला कोणत्या गाडीत दिसावेसे वाटे, हे रेनोने सांगितले नसते.

साहित्यात मोटारीने माणसांना वेड लावले, आणि प्राण्यांनाही: केनेथ ग्रॅहॅमच्या १९०८ च्या पुस्तकातला बेडूकराव मोटार चोरून तुरुंगात जातो. सुबोध घोष यांच्या ‘अजांत्रिक’ या बंगाली कथेतला ड्रायव्हर आपल्या खिळखिळ्या गाडीवर जीव लावतो. ऋत्विक घटक यांचा १९५८ चा चित्रपट तिच्यावरूनच निघाला.

आपल्याकडचा माझा आवडता पुरावा नाशिक रोडच्या छापखान्यातला. १९३७ पासून निघालेल्या सहाव्या जॉर्जच्या मालिकेत दोन आण्यांवर टपाल घेऊन धावणारा हरकारा आहे. मग बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट. आठ आण्यांवर टपालाची लॉरी आणि बारा आण्यांवर विमान. लॉरीचे हे स्थान आपल्या अभ्यासकांनी अजून पुरेसे न्याहाळलेले नाही.

नव्या वाचकाला एक विनंती. जुन्या मासिकात मोटारीची जाहिरात सापडली, तर कात्री लावण्याआधी अंकाचे नाव, तारीख आणि पान टिपून ठेवा. तिकीट लावलेले पाकीट तर अख्खेच राहू द्या.